छोटी वीज हरलेली नाही, तिला वाऱ्यावर सोडलं आहे

देशातल्या प्रत्येक गावात ग्रिडची वीज पोहोचली. त्यामुळे दुर्गम वस्त्यांसाठीचे सौरसंच, गावापुरते मायक्रोग्रिड आणि ओढ्यावरचे लहान जलविद्युत प्रकल्प यांचा विषय आता संपला, असं दिल्लीत ठामपणे सांगितलं जातं. लोधी रोडवरच्या चर्चासत्रांत ते ऐकू येतं, ऊर्जेवरच्या लेखांत वाचायला मिळतं, आणि महाराष्ट्रातून कामानिमित्त इथे येणारे अधिकारीही गप्पांत तेच बोलतात. या म्हणण्यामागे मुद्दे चार असतात. ग्रिड सगळीकडे गेलं आहे. छोटी वीज महाग पडते. ती लोकांनाच नको असते. आणि ती टिकत नाही.

चारही मुद्द्यांत थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते चटकन पटतात. पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे, आणि ज्यांच्या घरात आजही संध्याकाळी अंधार होतो त्यांच्यावर तो अन्याय करतो. छोटी वीज जिथे बंद पडली तिथे ती बहुतेक वेळा वाटप करायची वस्तू म्हणून दिली गेली होती. जिथे चालली तिथे तिच्या देखभालीची जबाबदारी कुणीतरी घेतली होती. सगळा फरक इथे आहे. तंत्रज्ञानावर खापर फोडणारे नेमकी हीच बाजू झाकून ठेवतात.

पहिला मुद्दा, ग्रिड सगळीकडे पोहोचल्याचा. 28 एप्रिल 2018 रोजी मणिपूरमधल्या लेइसांग गावात वीज गेली आणि देशातली सगळी गावं विद्युतीकृत झाल्याची घोषणा झाली. ही घोषणा 2004 साली ठरलेल्या व्याख्येवर उभी होती. त्या व्याख्येनुसार डीपी आणि तारा गावात आल्या, शाळा, पंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक जागांना वीज मिळाली आणि किमान 10 टक्के घरांत जोडणी झाली, की गाव विद्युतीकृत धरलं जातं. उरलेली 90 टक्के घरं अंधारात असली तरी नोंद पूर्ण. ही उणीव सरकारलाही माहीत होती, म्हणूनच सप्टेंबर 2017 मध्ये घरोघरी जोडणी देणारी सौभाग्य योजना सुरू झाली. मार्च 2022 मध्ये ती बंद होईपर्यंत 2 कोटी 86 लाख घरांना वीज मिळाली. हे काम मोठं आहे आणि त्याला नावं ठेवण्याचा माझा अजिबात हेतू नाही.

मात्र विषय तिथे संपला असता, तर जानेवारी 2024 मध्ये त्याच केंद्र सरकारला पीएम-जनमन अभियानाखाली 515 कोटी रुपयांची नवी सौर योजना मंजूर करावी लागली नसती. 18 राज्यांतल्या विशेष असुरक्षित आदिवासी समूहांची वीज नसलेली 1 लाख घरं त्या योजनेत धरली आहेत, आणि जिथे ग्रिड नेणं तांत्रिक किंवा आर्थिक दृष्ट्या शक्य नाही तिथे ग्रिडबाहेरचे सौरसंच द्यायचे, असं तिच्यात स्पष्ट म्हटलं आहे. महाराष्ट्रातले कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड याच समूहांत मोडतात. चर्चासत्रात ज्यांचं अस्तित्व नाकारलं जातं, ती घरं सरकारच्या स्वतःच्या कागदावर आहेत.

त्यासाठी कागदही उघडायला नको. मयूर विहारकडे जाणाऱ्या मेट्रोतून यमुनेच्या पात्राकडे नजर टाकावी. चिल्ला खादरमध्ये भाजीपाला पिकवणाऱ्या कुटुंबांच्या झोपड्या दिसतात. पूरक्षेत्र म्हणून तिथे अधिकृत जोडणी मिळत नाही. झोपडीच्या छपरावर बांबूला तारेनं बांधलेलं हातभर पॅनेल असतं; खाली विटांवर ठेवलेली जुनी बॅटरी, तिच्यावर एक दिवा, एक छोटा पंखा आणि मोबाइलचं चार्जिंग. पॅनेलची वायर उघडी, फ्यूज नाही, चार्ज कंट्रोलर असेलच असं नाही. राजधानीच्या पोटात, उच्चदाबाच्या तारांखाली माणसं स्वतःच्या पैशांनी छोटी वीज उभी करतात. योजना नाही, अनुदान नाही, दुरुस्तीला माणूस नाही. गरज संपली म्हणणाऱ्यांनी ही गरज आधी पाहावी.

दुर्गम भागात खांब उभा राहणं आणि वीज असणं यांत तर फारच अंतर आहे. सातपुड्यात किंवा सह्याद्रीच्या माथ्यावर जंगलातून पाच-सहा किलोमीटर आलेली तार पहिल्या वादळात तुटते. वायरमनकडे वीस-पंचवीस वाड्या असतात, रस्ता पावसाळ्यात बंद असतो. लाइट आठ दिवसांनी येते, कधी पंधरा. नोंदवहीत ते घर मात्र जोडलेलं असतं. छोट्या विजेची तुलना करायची तर या शेवटच्या खांबावरच्या विजेशी करायला हवी. दक्षिण दिल्लीतल्या विजेशी तिची तुलना करणं हा न्याय नव्हे.

आता पैशाचा मुद्दा. सौर लिलावांत युनिटचा दर दोन रुपयांपर्यंत उतरला असताना पाड्यावरची वीज युनिटला पंधरा-वीस रुपये का, असं विचारतात. 2010 साली राष्ट्रीय सौर मोहिमेच्या पहिल्या लिलावात सर्वांत कमी बोली 10 रुपये 95 पैसे होती आणि डिसेंबर 2020 मध्ये गुजरातच्या लिलावात ती 1 रुपया 99 पैशांवर आली, हे खरं. पण तो दर प्रकल्पाच्या फाटकावरचा आहे, तोही दिवसा, ऊन असतानाचा. रात्री आठ वाजता डोंगरावरच्या झोपडीत पोहोचलेल्या युनिटची ती किंमत नाही. वाहिनी, उपकेंद्र, डीपी, गळती, वसुली आणि तुटलेली तार जोडायला जाणारा माणूस, हा सगळा खर्च त्यात यायचा असतो. देशभरातल्या वितरण कंपन्यांची तांत्रिक आणि वसुलीतली तूट मिळून आजही 15 ते 16 टक्क्यांच्या आसपास आहे, आणि एकट्या लांब वाहिनीवर ती याहून जास्तच असणार.

ढोबळ हिशोब मांडू. 40 घरांचा पाडा, घरटी दिवसाला एक युनिट. महिन्याला 1,200 युनिट. युनिटला पाच रुपये धरले आणि वसुली शंभर टक्के झाली, तरी वर्षाला 72,000 रुपये येतात. जंगलातून नेलेल्या अकरा केव्ही वाहिनीला किलोमीटरला काही लाख रुपये लागतात. पाच किलोमीटर वाहिनीच्या भांडवलावरचं व्याजही त्या 72,000 रुपयांत भागत नाही. दुरुस्ती आणि विजेची खरेदी तर पुढेच राहिली. वितरण कंपनीला त्या पाड्यावर विकलेल्या प्रत्येक युनिटमागे तोटा होतो, आणि जिथे तोटा तिथे दुरुस्तीची घाई कुणालाच नसते. तेवढीच वीज द्यायला दहा-बारा किलोवॅटची सौर पॅनेलं पुरतात, कारण आपल्या उन्हात एक किलोवॅट पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देतं. 2010 च्या सुमारास वॅटला ऐंशी-शंभर रुपये पडणारं पॅनेल आज त्याच्या चौथाईत मिळतं. दुर्गम पाड्यावर ग्रिड स्वस्त वाटतं, कारण त्याचा तोटा कंपनीच्या ताळेबंदात लपतो. छोट्या विजेचा खर्च उघडा दिसतो, म्हणून ती महाग ठरते.

अनुदानाशिवाय जे चालत नाही ते खरं नव्हे, हा युक्तिवाद तर दिल्लीत बसून कुणी करूच नये. 2002 साली दिल्लीचं वीजवितरण खासगी कंपन्यांकडे गेलं तेव्हा निम्म्याहून अधिक वीज गळती, चोरी आणि थकबाकीत जात होती. ती व्यवस्था रुळावर यावी म्हणून पहिल्या पाच वर्षांत दिल्ली सरकारनं सुमारे 3,450 कोटी रुपयांचा आधार दिला. ऑगस्ट 2019 पासून इथे महिन्याला 200 युनिटपर्यंत वीज फुकट झाली. 2024 मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत पक्क्या छतावर तीन किलोवॅटचा संच बसवणाऱ्याला 78,000 रुपये केंद्राकडून मिळतात. शहरी ग्राहकाला मिळतं ते धोरण, आणि कोलामाच्या पोडावर दिलं तर ते दान, हा भेद मला मान्य नाही. विजेच्या बाबतीत हा देश सगळ्यांनाच मदत करतो. प्रश्न एवढाच, की ती मदत सर्वांत लांबच्या माणसापर्यंत किती पोहोचते.

तिसरा मुद्दा बिहारमधल्या धरनईचं नाव घेऊन मांडला जातो. जहानाबाद जिल्ह्यातल्या या गावात 2014 साली ग्रीनपीसनं 100 किलोवॅटचा सौर मायक्रोग्रिड उभारला. नितीशकुमार गावात आले तेव्हा गावकऱ्यांनी त्यांच्यापुढे खऱ्या विजेची मागणी केली. ही वीज त्यांना नकली वाटत होती. थोड्याच दिवसांत ग्रिड आलं, बॅटऱ्या काही वर्षांत निकामी झाल्या आणि पुढे प्रकल्पाच्या आवारात गुरं बांधली जाऊ लागली. छोट्या विजेच्या विरोधातला हा सर्वांत तगडा दाखला आहे, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल.

धरनईचे लोक बरोबरच होते. ग्रिडची अनुदानित वीज स्वस्त होती आणि मायक्रोग्रिडची बरीच महाग. शिवाय मोठी उपकरणं लावू नका, अशी बंधनं. गरिबानं दोन दिव्यांवर समाधान मानावं आणि पंखा, फ्रिज, टीव्ही मागू नये, असं त्यांना सांगितलं गेलं, निदान त्यांनी तसं ऐकलं. त्यांनी नाकारला तो दुय्यम दर्जा आणि दुप्पट-तिप्पट दर. छोटी वीज ग्रिडच्याच दरात, दळणाच्या गिरणीसह आणि ग्रिडला जोडता येईल अशा तारांवर दिली असती तर त्यांनी ती नाकारली असती का, हा प्रश्न धरनईत कधी विचारलाच गेला नाही. दर कोण ठरवतो आणि फरक कोण भरतो, याचं उत्तर न देता प्रकल्प उभा केला की तो ग्रिडच्या पहिल्याच खांबापुढे कोसळणार. चूक रचनेची होती आणि शिक्षा सूर्याला झाली.

ग्रिड आलं की स्थानिक वीज निरुपयोगी होते, या समजाला तर एनसीआरच खोटं पाडतं. गुरुग्राम किंवा नोएडातल्या उंच सोसायटीत घराच्या मीटरवर दोन आकडे असतात, एक ग्रिडच्या युनिटांचा आणि दुसरा ‘डीजी’चा, म्हणजे जनरेटरचा. लाइट गेली की काही सेकंदांत डीजी सुरू होतो आणि ग्रिडच्या कितीतरी पट दरानं युनिट मोजले जातात. रहिवासी ते बिनतक्रार भरतात. घरोघरी इन्व्हर्टर आहेत ते वेगळेच. हवेच्या प्रदूषणामुळे ऑक्टोबर 2023 पासून एनसीआरमधल्या डिझेल जनरेटरवर कडक निर्बंध आले, तेव्हा सोसायट्यांनी आणि उद्योगांनी केवढा गहजब केला! देशातल्या सर्वांत सधन पट्ट्याला ग्रिडच्या पाठीशी आपली छोटी वीज हवीच असते आणि ती चैन मानली जात नाही. मग जिथे वाहिनी सर्वांत कमकुवत आहे, तिथे ग्रिडसोबत पाड्याचा स्वतःचा सौरसंच असणं फाजील कसं?

चौथा मुद्दा टिकण्याचा. इथे मराठी वाचकानं बिलगाव आठवावं. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातलं हे आदिवासी गाव. 2003 साली उदय नदीच्या पाण्यावर तिथे 15 किलोवॅटचा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. केरळच्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीच्या अभियंत्यांनी तंत्र दिलं, नर्मदा बचाव आंदोलनातल्या कार्यकर्त्यांनी साथ दिली आणि गावानं श्रमदान केलं. आशुतोष गोवारीकर ‘स्वदेस’ करण्याआधी तिथे जाऊन आले होते. चित्रपटातला पाण्यावर पेटलेला दिवा देशभर पोहोचला. बिलगावचा खरा दिवा मात्र 2006 च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्यात बुडाला. 1,450 मेगावॅट क्षमतेच्या त्या धरणाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा 27 टक्के. ज्या खोऱ्यानं त्यासाठी जमीन दिली, त्याच खोऱ्यात लोकांनी स्वतःच्या हातांनी केलेली वीज पाण्याखाली गेली. बिलगावचं यंत्र नादुरुस्त होऊन थांबलं नव्हतं, गाव वर्गणी द्यायला चुकलं नव्हतं. मोठ्या प्रकल्पानं छोटा प्रकल्प बुडवायचा आणि मग छोटे प्रकल्प टिकत नाहीत म्हणायचं, ही कुठली नीती?

न बुडवता बंद पडलेल्या संचांचं काय, हे विचारणं रास्त आहे. त्याचं उत्तर सौभाग्यच्या नियमांतच सापडतं. ग्रिड जिथे जाणार नाही अशा घराला त्या योजनेत 200 ते 300 वॅटचा सौरसंच मिळे: पाच एलईडी दिवे, एक डीसी पंखा, एक प्लग आणि पाच वर्षांची देखभाल. शिसं-आम्लाची बॅटरी नीट सांभाळली तरी साधारण चार-पाच वर्षं चालते. म्हणजे बॅटरी दम तोडते त्याच सुमारास तिची काळजी घेण्याचा करारही संपतो. असा संच जवळून पाहावा. पॅनेल शाबूत, कारण ते वीस-पंचवीस वर्षं वीज देतं. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड साचलेली. डिस्टिल्ड वॉटर कुणी टाकलेलं नाही, कारण ते तालुक्याच्या गावी मिळतं आणि टाकायचं असतं हे घरच्या बाईला कुणी सांगितलेलंच नाही. कंट्रोलरवर लाल दिवा. दिवसभर छपरावर वीज तयार होते आणि साठवायला जागा नसल्यानं वाया जाते. एका नव्या बॅटरीच्या आणि एका फेरीच्या खर्चात हे घर पुन्हा उजळलं असतं. त्याऐवजी पाहणी करणारा लिहितो, ‘संच बंद’, आणि दिल्लीत त्याचा अर्थ ‘सौर अयशस्वी’ असा लागतो.

जिथे ही एक गोष्ट आधीच ठरवली गेली, तिथे वेगळं घडलं. पुणे जिल्ह्यातल्या दरेवाडीत 2012 साली पुण्याच्या ग्राम ऊर्जानं 39 घरांसाठी 9.4 किलोवॅटचा मायक्रोग्रिड उभारला. वरचा हिशोब या आकड्यांशी ताडून पाहावा. घरटी मीटर बसवले, गिरणीला वीज दिली, गावाची समिती वसुली करू लागली, आणि पुढे बॅटऱ्या बदलायला लागणारा पैसा दरातच धरला. छत्तीसगडमध्ये क्रेडा या राज्याच्या संस्थेनं शेकडो जंगलगावांत लहान सौरकेंद्रं चालवली. गावातला एक जण रोजची देखरेख करी, काही गावांच्या गटामागे एक तंत्रज्ञ फिरे, घरं नाममात्र रक्कम देत आणि बाकीचा भार राज्य उचले. नक्षलग्रस्त भागातही हे चाललं, कारण तिथे वस्तू देऊन निघून जाणारा ठेकेदार नव्हता, महिन्याच्या महिन्याला येणारा माणूस होता.

तंत्रज्ञानाची कमतरता म्हणावी तर ती या शहराच्या आसपास तरी नव्हतीच. साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्समध्ये 1977 साली देशातला पहिला सौरघट आणि 1978 साली पहिलं सौर पॅनेल तयार झालं. गुरुग्रामजवळच्या ग्वाल पहाडीत 1982 पासून सौर ऊर्जेची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. त्याच आवारात आंतरराष्ट्रीय सौर आघाडीचं मुख्यालय आहे आणि सौर मिनीग्रिडचा प्रसार हा तिच्या जाहीर कार्यक्रमांपैकी एक आहे. आफ्रिकेतल्या गावांना मिनीग्रिड घ्या म्हणायचं आणि मेळघाटातल्या, अबूझमाडच्या कडेच्या वस्त्यांना तो विषय संपला म्हणायचं, या दोन गोष्टी एका तोंडानं बोलता येणार नाहीत.

तेव्हा मागणी स्पष्ट मांडतो. 2003 च्या वीज कायद्यानं वाड्या-वस्त्यांपर्यंत वीज नेण्याची जबाबदारी केंद्र आणि राज्य सरकारांवर टाकली आहे. अधिसूचित ग्रामीण भागात वीज तयार करून वाटायला परवाना लागत नाही, ही मोकळीकही त्याच कायद्यात आहे. मोकळीक दिली, हमी दिली नाही, म्हणून प्रकल्प पोरके झाले. ग्रिडबाहेरचं प्रत्येक घर वितरण कंपनीचा ग्राहक म्हणून नोंदवा. त्याला ग्राहक क्रमांक द्या, तक्रार नोंदवायची सोय द्या आणि शेजारच्या ग्रिडच्या गावाइतकाच दर लावा. फरक सरकारनं चालवणाऱ्याला द्यावा, जसा तो शहरांत दिला जातो. 31 डिसेंबर 2020 च्या वीजग्राहक हक्क नियमांनी सेवेत कसूर झाल्यास भरपाईची तरतूद केली. बॅटरी मेलेल्या घराला तो हक्क का नाही? देखभालीचा करार पॅनेलच्या आयुष्याइतका करा आणि बॅटरी बदलण्याचा निधी पहिल्या दिवशीच वेगळा काढा. त्या पाड्यातल्याच मुला-मुलींना शिकवून पगारावर नेमा. आणि उद्या ग्रिड आलं तर छोट्या प्रकल्पाचं काय होईल, हे आज लिहून द्या. उत्तर प्रदेशनं 2016 च्या मिनीग्रिड धोरणात प्रकल्पाची वीज ग्रिडला विकण्याचा किंवा प्रकल्पच कंपनीकडे सोपवण्याचा मार्ग ठेवला. केंद्राचा त्याच वर्षीचा मसुदा मात्र मसुदाच राहिला. तो पूर्ण करा.

यातलं काहीच नवं संशोधन मागत नाही. मागतं ती प्रशासनाची चिकाटी आणि थोडा पैसा, आणि हा पैसा देशाच्या वीज अनुदानात उठूनही दिसणार नाही. छोट्या विजेला अपयशी ठरवण्याआधी तिला एकदा विजेसारखं वागवा. पंधरा वर्षं तिच्या मागे वायरमन, निधी आणि तक्रार ऐकणारं कार्यालय उभं करा, जसं ते ग्रिडच्या मागे पन्नास वर्षं उभं आहे. त्यानंतरही ती चालली नाही, तर तिच्या विरोधातला निकाल मी मान्य करीन. आजचा निकाल मला मान्य नाही, कारण हा खटला अजून चाललेलाच नाही.